पैसे कोणाचे, पाय कोणाचे?

येद्लोवेत्स,
२९ ऑक्टोबर १९९५

लिबुशे आत्या,

पोस्टाने शेवटी मला डोंगरात फेकलंच. खिडकी नंबर दोन: मनीऑर्डर, पेन्शन, पार्सल. येऊन तीन आठवडे झाले, पण नावाने हाक मारणारं अजून कोणी भेटलेलं नाही. बेकरीवालीसुद्धा मला ‘दोन नंबर’ म्हणते. घटस्फोटानंतर मला एकटेपण हवं होतं, ते आता जरा जास्तच मिळालंय.

बाबा म्हणाले, कॅनडाला पळून जाण्याआधी तू याच गावात मण्यांच्या कारखान्यात होतीस, तेही चौदा वर्षं! मग इतक्या पत्रांत या गावाचं एक अक्षर कसं नाही गं?

बरं, आता कामाचं. हार्डवेअरच्या दुकानाच्या काचेवर एक पाटी आहे. ‘येद्लोवेत्स स्की क्लब. ना नफा तत्त्वावर. नवे सभासद हवेत. वर्गणी वर्षाला शंभर क्रोन. बर्फ पडल्यानंतरच्या पहिल्या रविवारी वर चंडोलवर स्वतः आणून द्यावी. पोस्टाने, बँकेतून किंवा शेजाऱ्याकरवी स्वीकारली जाणार नाही.’ चंडोल म्हणजे क्लबचं डोंगरावरचं लाकडी घर, चालत दोन तास.

मला राहवेना. क्लबचे खजिनदार येनिशकाका दर महिन्याला माझ्याच खिडकीवर पेन्शन घ्यायला येतात. मी म्हटलं, “काका, मी इथे बसलेय, फॉर्म इथे आहे, शिक्का इथे आहे. शंभर क्रोनसाठी माणसाला डोंगर कशाला चढायला लावता?” ते नोटा मोजत म्हणाले, “पोरी, तुझ्या खिडकीतून पैसा येतो, माणूस येत नाही.”

याचा अर्थ काय? तुला ठाऊक असणार. जाऊ का मी या क्लबात? स्की मला येत नाही, पण पडायची चांगली सवय आहे.

तुझी,
ब्लांका

*

थंडर बे,
१४ नोव्हेंबर १९९५

ब्लांका पोरी,

पळून नव्हे, निघून. व्हिएन्नाच्या गाडीचं रीतसर तिकीट काढलं होतं, खिडकीजवळची जागा. तुझ्या बाबाला सांग, बहिणीची बदनामी जरा बेताने कर.

येद्लोवेत्सबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. खसखशीचे पाव चांगले मिळायचे. कारखान्याच्या हिशेबखात्यात खिडकी उत्तरेला होती, पाय गार पडायचे. झालं.

क्लबाच्या भानगडीत तू पडू नकोस. ती माणसं हेकट आहेत. वर्गणी शंभर क्रोनची, आणि तोरा असा की जणू राजाचा मुकुट ठेवायला दिलाय! शिवाय तू चौथीच्या सहलीत स्कीसकट कुंपणात घुसली होतीस आणि कुंपणच काढावं लागलं होतं, हे मला पत्राने कळलेलं आहे. आणि वर काय ठेवलंय? ती शेगडी धूर ओकणार, डोळे चुरचुरणार, दोरीवर तीस जणांचे ओले मोजे. त्यापेक्षा चर्चच्या गायनात जा. तिथे निदान बसायला मिळतं.

सोबत लोकरीचे मोजे पाठवतेय. नवऱ्याला सोडलंस ते बरं केलंस, पण जेवण सोडू नकोस.

आत्या

*

येद्लोवेत्स,
१२ डिसेंबर १९९५

आत्या,

तुझा सल्ला वाचला, मोजे घातले आणि वर गेले!

तीन तारखेला सकाळी निघाले. मागून येणाऱ्या सत्तरीच्या बायका “चल गं, चल” म्हणत पुढे निघून गेल्या. मी पाच वेळा पडले, सहाव्यांदा उठायचा कंटाळा आला म्हणून तशीच थोडा वेळ बसले. पोचले तेव्हा येनिशकाका दारातच टेबल मांडून बसले होते. मी नोट पुढे केली, तर त्यांनी हात मांडीवरच ठेवला आणि विचारलं, “पैसे कोणाचे?”

“माझे.”

“पाय कोणाचे?”

मी म्हटलं, “माझेच, पण आता नकोसे झालेत.” सगळे हसले. मग त्यांनी नोट दोन्ही हातांनी घेतली, पावती फाडली, आणि माझं नाव मोठ्याने वाचलं. ब्लांका व्हेसेला. तीस माणसांनी माझं नाव ऐकलं, आत्या. पातेल्याशी उभ्या असलेल्या व्लास्टा काकूंनी लगेच विचारलं, “ब्लांका, सूप वाढू?” मी धुराने रडतेय असं दाखवलं.

शेगडी धूर ओकते खरी. तुला कसं ठाऊक गं?

भिंतीवर खिळे आहेत, प्रत्येकाखाली नाव, खिळ्याला ज्याचा त्याचा चहाचा मग. एका खिळ्याखाली नावावर तपकिरी रंग फासलाय. मी माझा मग तिथे लावायला गेले तर येनिशकाका म्हणाले, “तो नको. तो रिकामा नाही. त्याचं माणूस बाहेर गेलंय.”

आता माझा पराक्रम ऐक. सभासद उरलेत फक्त अडतीस. वर्गणीत तर शेगडीच्या चिमणीची झाकणीसुद्धा येत नाही, उरलेलं सगळं श्रमदानावर चालतं: जुलैत उतारावरचं गवत कापायचं, सप्टेंबरात लाकडं फोडायची. मी म्हटलं, माणसं वाढवायची असतील तर हा डोंगराचा हट्ट सोडा. व्लास्टा काकूंचे गुडघे बघा. वर्गणी ३१ डिसेंबरपर्यंत पोस्टाने येऊ द्या, पावती फेब्रुवारीच्या सभेत हातात द्या, म्हणजे तिकिटांचा खर्चही वाचेल. दहा तारखेला बैठक झाली आणि माझा ठराव पास झाला! येनिशकाका एकटे गप्प होते. पण हात त्यांनीही वर केला.

पहिल्यांदाच कुठेतरी माझा उपयोग झालाय. शाबासकी दे.

तुझी सभासद भाची,
ब्लांका

*

थंडर बे,
२७ डिसेंबर १९९५

ब्लांका,

इथे नाताळचा कार्प मासा मिळत नाही. ट्राउट तळला. एकटीला तोही जास्त झाला.

पोस्टाने वर्गणी घ्यायचं ते बंद करता आलं तर बंद कर. लगेच. का म्हणून विचारू नकोस, जुनी गोष्ट आहे.

शेगड्या सगळ्याच धूर ओकतात.

आत्या

*

येद्लोवेत्स,
८ जानेवारी १९९६
(तातडीचे)

आत्या,

तुझं पत्र शनिवारी आलं, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नाताळानंतरच्या आठवड्यात क्लबाच्या नावाने एक्केचाळीस मनीऑर्डरी आल्या. एकाच दिवशी, माझ्याच खिडकीवर. नावं वेगवेगळी, पण अक्षर एकच, हिरव्या शाईचं. मी खुळ्यासारखी खूश होऊन शिक्के मारत बसले. येनिशकाकांनी फॉर्म पसरून बघितले आणि चष्मा काढून ठेवला. अक्षर राडिम क्रुपाच्या कारकुनाचं. क्रुपा म्हणजे लाकडाच्या वखारीचा मालक. नावं त्याच्या कामगारांची आणि त्यांच्या बायकांची, वर एक त्याचं स्वतःचं.

चार फेब्रुवारीला सभा आहे. क्रुपाने विषयही पाठवलाय: चंडोल आणि खालचा उतार तीस वर्षांसाठी त्याच्या कंपनीला भाड्याने द्यावा. तिथे हॉटेल होणार, वर न्यायला तारेवरचे पाळणे बसणार. आम्ही अडतीस, ते एक्केचाळीस. चार हजार शंभर क्रोनमध्ये त्याने डोंगर विकत घेतला, आत्या, आणि दार मी उघडून दिलं.

कोणी मला बोलत नाही. व्लास्टा काकूंनी उलट पोस्टात येऊन केक दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बदलीचा अर्ज लिहून खणात ठेवलाय.

तुला हे आधीच ठाऊक होतं. शेगडी ठाऊक होती, हेही ठाऊक होतं. तरी तू ट्राउटबद्दल लिहिलंस. मला राग आलाय. आता तरी सांग.

ब्लांका

*

थंडर बे,
१७ जानेवारी १९९६
(तातडीचे)

ब्लांका,

राग बरोबर आहे तुझा. ऐक.

१९५७ साली मी चोवीस वर्षांची होते आणि त्या क्लबाची खजिनदार होते. वर चंडोलवर पेटी घेऊन बसायचे. अर्धी माणसं यायची नाहीत. मलाही अगदी तुझ्यासारखंच वाटलं, माणसांना त्रास कशाला? पगाराचे कागद कारखान्यात माझ्याच हातात होते. वरच्या साहेबाने गोड बोलून सुचवलं की वर्गणी पगारातून कापून घ्या, महिन्याला दोन क्रोन. मी खूश होऊन कापली. दोनशे बारा माणसं एका महिन्यात सभासद झाली. निम्म्यांना पत्ताही नव्हता.

वसंतातल्या सभेला साहेबाने त्यांना ट्रकमधून वर आणलं. त्याने हात वर केला की त्यांनीही करायचे. चंडोल कारखान्याचं विश्रामगृह झालं. आमचे खिळ्यांवरचे मग एका खोक्यात भरून खाली पाठवले. नऊ वर्षं तिथे साहेबांचे पाहुणे झोपले, आणि ज्यांनी ते घर स्वतःच्या खांद्यांवर फळ्या वाहून बांधलं होतं, ते खालून धूर बघायचे.

सहासष्ट साली अर्जविनंत्या करून येनिशने ते परत मिळवलं. ते दोन प्रश्न तेव्हापासूनचे. म्हणजे माझ्यामुळेच जन्मलेले. पहिल्या डिसेंबरात मी वर गेले. मला वाटलं, दारातूनच हाकलतील. येनिशने विचारलं, पैसे कोणाचे, पाय कोणाचे. मी सांगितलं. त्याने नोट घेतली आणि माझं नाव वाचलं. कोणी एक शब्द बोललं नाही, ना तेव्हा, ना पुढे. तेच मला सोसवलं नाही. अडुसष्टला निघण्याआधी, आदल्या रविवारी वर जाऊन खिळ्याखालचं नाव मीच रंगवून टाकलं. तपकिरी रंग कुंपणाचा होता, उरलेला.

तू ठरावाचं लिहिलंस तेव्हा मी दिवसभर पत्र घेऊन बसले होते. खरं लिहायची लाज वाटली. तुझ्यासमोर तरी मी शहाणी राहावं, एवढंच वाटत होतं. तुझ्या राडिम क्रुपाइतकाच माझाही यात हात आहे.

एक गोष्ट मला अजून टोचते. ती दोनशे बारा माणसं वाईट नव्हती. मणी ओवणाऱ्या बायका, भट्टीवरचे गडी. त्यांना कोणी विचारलंच नाही. मी एकदा तरी ते दोन क्रोन त्यांच्या हातात परत ठेवून विचारायला हवं होतं, “बाई, द्यायचेत का तुला?” नाही म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण हो म्हणाल्या असत्या, तर हात वर करताना साहेबाकडे बघितलं नसतं त्यांनी.

बदलीचा अर्ज फाडून टाक. पळून जाऊन काय होतं ते मला विचार.

लिबुशे

*

येद्लोवेत्स,
६ फेब्रुवारी १९९६

आत्या, आत्या, आत्या,

तुझं पत्र मी येनिशकाकांना वाचायला दिलं. न विचारता दिलं, रागाव हवं तर. त्यांनी खिडकीसमोर उभ्यानेच वाचलं, मागे रांग खोळंबली. मग दोन क्रोन हातात परत ठेवायचा मजकूर पुन्हा वाचला आणि म्हणाले, “पोरी, पावत्या अजून आपल्याकडेच आहेत ना?” मी म्हटलं, हो, सभेतच द्यायच्या, ठरावात तसंच लिहिलंय. “मग अजून कोणी सभासद झालेलं नाही,” ते म्हणाले, आणि क्लबाच्या खात्यातून एक्केचाळीस नोटा काढून घेऊन गेले. शंभराच्या, सुट्या.

रविवारी क्रुपाने आपली माणसं बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीतून तीन खेपांत वर आणली. माणसं संकोचून उभी होती, टोप्या हातात. दारात येनिशकाकांचं टेबल. त्यांनी पहिलं नाव पुकारलं. वखारीत झाडलोट करणारी मिलुशे बाई पुढे आली.

“पैसे कोणाचे?”

तिने क्रुपाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “त्यांचे.”

“फॉर्मवर नाव तुमचं आहे, म्हणजे पैसे तुमचे.” आणि त्यांनी शंभराची नोट तिच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटली. “खिशात घाला. कोणी काही म्हणणार नाही, सूप तरीही मिळेल. नाहीतर या टेबलावर ठेवा आणि पावती घ्या. मग मत तुमचं. पण मग जुलैत गवत कापायला यायचं.”

क्रुपा ओरडला, “पैसे माझे आहेत!”

“तुमच्या नावाची मनीऑर्डर एकच आली,” येनिशकाका म्हणाले. “ही घ्या शंभराची नोट.”

असं हसू उसळलं म्हणून सांगू! वखारीची माणसंसुद्धा टोप्यांआड हसली. मिलुशे बाईने नोट खिशात घातली आणि व्लास्टा काकूंकडे जाऊन सूप घेतलं. बऱ्याच जणांनी तेच केलं, आणि खरंच कोणी काही म्हटलं नाही. मग एक दांडगा करवतवाला आला. नोट हातात धरून विचारतो, “हॉटेल झालं तर मला इथून घसरायला काय पडेल?” कोणीतरी म्हणालं, दिवसाचे तीनशे. “आणि आत्ता?” वर्षाचे शंभर आणि गवत. त्याने नोट टेबलावर आपटली. पाय कोणाचे विचारल्यावर म्हणाला, “आज गाडीचे. पण उतरताना माझे असतील.” येनिशकाकांनी क्षणभर विचार केला आणि पावती फाडली.

असे पंधरा जण निघाले. भाड्याच्या बाजूने मतं पडली नऊ, विरुद्ध सदतीस. त्या नऊंतले तीन आपलेच जुने सभासद होते, हे तुला सांगितलंच पाहिजे! दोन दिवस झाले, व्लास्टा काकू त्यांच्याशी बोलत नाहीत.

करवतवाल्याची नोकरी जाईल अशी मला धास्ती होती. पण काल तो पोस्टात आला आणि म्हणाला, “घालवून दाखवू दे. ती करवत दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.”

पोस्टाने वर्गणी घ्यायचा ठराव मीच मागे घेतला. हात वर करताना रडू आलं. या वेळी शेगडीचं निमित्तही केलं नाही.

बदलीचा अर्ज त्याच शेगडीत घातला. धूर थोडा जास्तच आला.

तुझी,
ब्लांका

*

थंडर बे,
२० फेब्रुवारी १९९६

ब्लांका,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ती मिटलेली मूठ डोळ्यांसमोरून जात नाही.

सोबत दहा डॉलरची नोट आहे. येनिशला दे. वर्गणी म्हणून नाही म्हणाला तर चिमणीच्या झाकणीसाठी म्हण. पावती नको. माझं नाव वाचायचीही गरज नाही.

लिबुशे

*

येद्लोवेत्स,
३ मार्च १९९६

आत्या,

नोट परत पाठवतेय. आमच्याकडे पोस्टाने वर्गणी स्वीकारत नाहीत. तसा ठरावच आहे, आणि मांडणारी बाई फार कडक आहे.

मी चाकू घेऊन खिळ्याखालचा रंग खरवडायला गेले होते. येनिशकाकांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, “राहू दे. जिने फासला तीच खरवडेल. अठ्ठावीस वर्षं मी तिथे कोणाचा मग लावू दिला नाही, ते काय तू खरवडावंस म्हणून?” मग शेगडीत लाकूड घालत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “तेव्हा कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. मीच बोलायला हवं होतं. तिला तेवढं लिही.”

लिहिलंय.

ब्लांका

*

थंडर बे,
१५ मार्च १९९६

ब्लांका पोरी,

येनिशला एक विचारून ठेव. पाय स्वतःचे हवेत हे कबूल, पण डावा गुडघा आता माझं ऐकत नाही. भाचीच्या खांद्यावर हात ठेवलेला चालतो का? नाही म्हणाला, तर त्याला सांग, दोन तासांऐवजी पाच लागतील. मी बसत बसत येईन.

खरवडायचा चाकू तिथलाच चालेल. सूप गरम ठेवायला सांग. मोजे मी माझे आणतेय.

वर एप्रिलच्या मध्यापर्यंत बर्फ टिकतो ना अजून? बारा तारखेचं तिकीट काढलंय. रीतसर, खिडकीजवळची जागा.

तुझी,
लिबुशे आत्या